आधी पासंग



सीमाभागात, बेळगुंदीच्या या साहित्याच्या मांडवात तारे मोजणाऱ्याला अध्यक्ष केलंत, तेव्हा माझ्या कामातलंच सांगतो. बेळगावच्या बाजारात रताळी नेणारा शेतकरी आधी रिकामा तराजू बघतो. पारडं झुकलेलं दिसलं, की आधी पासंग काढ म्हणतो, मग माल घालतो. दुर्बिणीवर आमचंही तसंच असतं.

जुन्नरजवळ गिरवलीला 'आयुका' या खगोलसंशोधन संस्थेची २ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २००६ पासून उभी आहे. तिला जोडलेला वर्णपटमापक ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत उलगडतो. अशा यंत्रावर ताऱ्याच्या आधी यंत्र तपासावं लागतं. कॅमेऱ्याची झडप मिटून शून्य सेकंदाच्या प्रतिमा घ्यायच्या. प्रकाश नसतो, तरी यंत्र आकडा दाखवतंच. तो त्याचा पासंग. एकीवर भागत नाही, अनेक घेऊन सरासरी काढतात. मग हॅलोजनच्या दिव्याचा एकसारखा उजेड टाकला, की प्रतिमेतला कुठला ठिपका मंद, कुठे धूळ, ते उमगतं. आणि हेलियम, निऑनसारख्या वायूंचा दिवा. वर्णपटातल्या त्यांच्या रेषांच्या जागा आधीच पक्क्या ठाऊक असतात, ताऱ्याच्या रेषा त्यांच्याशी ताडून बघायच्या.

उमेदवारीच्या दिवसांत ढग येताना बघून मी घाई केली. दर ताऱ्यापाशी लावायचा वायूंचा हा दिवा पहाटे एकदाच लावला. दुर्बीण कलते तसं तिला लटकलेलं जड यंत्रही किंचित वाकतं, रेषा सरकतात. ताऱ्याचा वेग रेषांच्या जागेवरूनच काढतात, म्हणून ६०० नॅनोमीटरपाशी एक दशांश नॅनोमीटर चुकलं, तर ताऱ्याचा वेग सेकंदाला ५० किलोमीटरनं चुकतो. त्या रात्रीचे सगळे वेग मी खोडले. आजही ते पान आठवलं की जीव हळहळतो.

त्या दिव्यातला हेलियम माणसाला आधी सूर्यात दिसला. १८६८ साली पिवळी रेषा दिसली, ती सोडियमचीच वाटावी इतकी जवळ. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी ती ताडून पाहिली, म्हणून नवं मूलद्रव्य हाती आलं. हा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, असं कोकणात अभिमानानं सांगतात. लॉकियर विजयदुर्गाला आले, हे खरं. पण ते १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ मध्ये ते इंग्लंडात होते. किल्ल्याचा खरा मान १८९८ चा आहे आणि तो पुरेसा मोठा आहे. तारीख ताडून न पाहता लिहिलं, की असं होतं.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यापैकी कितीतरी जण जात्यावरच्या ओव्या, आजीच्या तोंडचे शब्द वहीत उतरवून घेतात. आजी 'काय करालास' म्हणते आणि शिकलेला हात 'काय करतोस' लिहून जातो. आपल्या शाळेचा, आपल्या लाजेचा तो पासंग आहे. कानडी वळणाचा शब्दही असाच 'शुद्ध' होऊन निसटतो. म्हणून वहीचं पहिलं पान राखून ठेवा: गाव, तारीख, सांगणारीचं वय, लिहून घेणारा कोण, आणि कुठला शब्द आपण बदलला. पुढच्या वर्षी त्या वह्या इथे घेऊन या. मी वाचायला येईन.