डिस्कवरील वांटणी बदलतांना



कांहीं महिन्यांपूर्वीं एक गृहस्थ चिंताक्रांत मुद्रेनें माझ्याकडे आले. त्यांच्या घरच्या संगणकांत दोन डिस्क होत्या, आणि लिनक्समधील सोयीनें दोहोंवर एकच मजकूर उमटत असे. दिवंगत वडिलांच्या आवाजाचीं मुद्रणें त्यांतच होतीं. दुसऱ्या कामाकरितां जागा हवी म्हणून त्यांनीं दोन्ही डिस्कांवरील पार्टिशनची सीमा अलीकडे ओढली; संगणक पुन्हां सुरू केला, तों कांहींच उघडेना. "पण मजकूर दोन ठिकाणीं होता ना?" हा त्यांचा प्रश्न. चूकही दोन ठिकाणीं झाली होती!

१९८८ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या त्रयीनें स्वस्त डिस्कांचे समूह बांधण्याची कल्पना एका निबंधांत मांडली व तिला 'रेड' हें नांव दिलें. एका डिस्कनें दगा दिला तरी कारभार चालावा, हा तिचा एक मोठा लाभ. मालकाच्या हाताला मात्र ती आवरीत नाहीं.

या रचनेचे तीन थर असतात. बाहेर पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आंखलेला हिस्सा. अशा हिश्शांचा बनलेला समूह. आणि त्याच्या पोटांत फाइल-सिस्टिम, जिच्यांत आपला मजकूर नांदतो. लहान ट्रंक वापरावयाची तर आधीं आंतलें गांठोडें लहान बांधावें लागतें. तोच न्याय येथें. जागा कमी करतांना आधीं फाइल-सिस्टिम, मग समूह, शेवटीं पार्टिशन. वाढवितांना नेमका उलटा क्रम.

फाइल-सिस्टिम 'ईएक्सटी-४' असेल तर ती वापरांतून काढून, तपासून मगच आंखडतां येते. 'एक्सएफएस' असेल तर तो नाद सोडावा. मजकुराची प्रत अन्यत्र काढून नवी मांडणी करावी.

खरा घोटाळा होतो तो मापांत. पूर्वीं एका गांवचा शेर दुसऱ्या गांवीं चालत नसे, तशीच येथील स्थिति. डिस्क विकणारा दहाच्या पटींत मोजतो, 'एमडीएडीएम' हें समूहाचें साधन १०२४ च्या पटींत, आणि पार्टिशनची सारणी बहुधा ५१२ बाइटांच्या सेक्टरांत. शिवाय समूहाची स्वतःची नोंदही पार्टिशनमध्येंच राहते, म्हणून तें समूहाहून थोडें मोठें हवें. मी फाइल-सिस्टिम मुद्दाम अंमळ जास्तच आंखडतों, बाहेरचे थर बसवितों, आणि मग तिला मिळालेल्या जागेपुरती पसरूं देतों.

समूह लहान करण्यापूर्वीं रंगीत तालीमही करतां येते. 'अ‍ॅरे-साइझ' ही आज्ञा दिल्यास समूह तात्पुरता लहान दिसतो; फाइल-सिस्टिम तपासावी, ती कुरकुरली तर जुना आकार परत आणावा. इतकी सोय असून ती उपेक्षिली जाते याचें मला नवल वाटतें.

पार्टिशन बदलतांना एका वेळीं एकच डिस्क समूहांतून काढावी, सीमा बदलून परत घ्यावी, आणि जुळणी पुरी होईपर्यंत दुसरीला हात लावूं नये. त्या कांहीं तासांत सारा मजकूर एकाच डिस्कच्या भरंवशावर असतो. वेगळी प्रत काढलेली नसेल तर हें काम आरंभूंच नये.

आमच्या गृहस्थांनीं दोन गोष्टी बऱ्या केल्या होत्या. मोकळ्या झालेल्या जागेवर कांहीं लिहिलें नव्हतें, आणि सीमांचे जुने आंकडे एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर टिपून ठेवले होते. तेच आंकडे आम्हीं सेक्टरला सेक्टर जुळवून पुन्हां भरले. समूह उभा राहिला, आणि त्यांनीं प्रथम वडिलांचा आवाज लावला.