पाणी साचते तिथे झाड लावताना



धाराशिव म्हणजे दुष्काळी जिल्हा, ही आपली जुनी ओळख. पाणी अडवायला आणि जिरवायला आपण शिकलो, ते योग्यच झाले. पण सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना नदीला पूर आला आणि परंडा-भूम भागातली शिवारे पाण्याखाली गेली. म्हणून आजच्या परिषदेत एकच गोष्ट ठासून सांगतो : आपल्याकडे रोपे तहानेने मरतात तशीच साचलेल्या पाण्यानेही मरतात, आणि या दुसऱ्या मरणाची आपण नोंदच घेत नाही.

बी रुजायला ओल लागते, तितकीच हवाही लागते. पाणी पिऊन फुगलेल्या बियाचा श्वसनवेग एकदम वाढतो. नेमक्या त्याच वेळी मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या, तर प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद गतीने आत पोचतो. मातीत उरलेला प्राणवायू मुळे आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. मग बी आंबवणक्रियेवर तग धरू पाहते; त्यातून ऊर्जा तुटपुंजी मिळते आणि मद्यार्क साठतो. बियातून पाझरलेल्या साखरेवर बुरशी पोसते आणि कोंब वर येण्याआधीच बी कुजते.

आपली भारी काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, पाणी खाली उतरत नाही. अशा रानात खड्डा घेऊन भुसभुशीत माती भरली, की झडीच्या पावसात तो रांजणासारखा भरून राहतो. त्यातल्या रोपाची पाने पिवळी पडतात, शेंडा मान टाकतो. पाहणाऱ्याला वाटते पाणी कमी पडले, म्हणून तो आणखी एक बादली ओततो! ते रोप उपटून पाहा. मूळ चिमटीत धरून ओढले की साल सुटून हातात येते, आत नुसता दोरा उरतो, आणि मातीला कुजकट वास येतो.

सगळी झाडे सारखी नाहीत. निंबोळी पावसाळ्याच्या तोंडावर पिकते, तिचे बी जेमतेम काही आठवडे टिकते आणि कडुनिंबाला पाय ओले ठेवणे अजिबात सोसत नाही. बाभळीचे बी टणक कवचाचे. आपल्या उस्मानाबादी शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यावर वाड्यात पडलेले बी गोळा करून पेरले, तर चांगले उगवते. बाभूळ, अर्जुन, जांभूळ, करंज ही झाडे काही काळ साचलेले पाणी सहन करतात.

तेव्हा माझे आग्रहाचे मागणे असे. सखल, भारी जमिनीत खड्ड्याऐवजी उंचवट्यावर रोप लावा आणि बाजूने चर काढून द्या. उन्हाळ्यात जपलेले आळे झडीत एका अंगाने फोडा. वाफसा आल्याशिवाय बी टोकू नका. रोपवाटिकेतल्या पिशव्यांची छिद्रे बुजली नाहीत ना, हे पावसाळाभर पाहत राहा. कडुनिंब माळाला आणि अर्जुन ओढ्याकाठी, एवढी वाटणी तरी पाळा.

आणि जिवंत रोपांची मोजणी करताना मेलेल्याचे मूळही तपासा. ते तहानेने गेले की पाण्याने, हे वहीत लिहा. पुढच्या परिषदेला त्या वह्या घेऊन या. कुठल्या गावाच्या कुठल्या रानात काय लावायचे, हे आपण त्यांवरूनच ठरवू.