तळाच्या माशांविषयी थोडेसे

(शाळेच्या विज्ञान मंडळाच्या उद्घाटनप्रसंगी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी विज्ञानाचा शिक्षक नव्हे. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. तरीही मंडळाने मला बोलावयास उभे केले आहे. व्हरांड्यातील माशांची काचपेटी गेली काही वर्षे माझ्या गळ्यात पडली आहे, हे त्याचे कारण. हे भाषण स्मरणिकेत छापावयाचे ठरले तेव्हा त्यात एक-दोन गोष्टी वाढविल्या. वाचकहो, आपल्या घरी मासे असतील, किंवा मुले माशांसाठी हट्ट धरून बसली असतील, तर एवढे पान तरी वाचावे, ही विनंती.

आमची पेटी तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. पाणी सुमारे शंभर लिटर. आत गप्पी, मॉली आणि काही टेट्रा. तळाशी उरलेले खाद्य कुजू लागले, तेव्हा मी पुण्याला जाऊन चार ‘कोरी’ आणले. दुकानदाराने सांगितले, "हे घाण खातात, यांना वेगळं काही घालू नका." मला तर तेच हवे होते! सफाईही होईल आणि खर्चही नाही.

हा मासा दोन-अडीच इंचांचा, अंगाने गोलसर, तोंड खालच्या बाजूला आणि तोंडाशी मिशा. नदीतील आपल्या शिंगटीच्या दूरच्या नात्यातला, पण मूळचा दक्षिण अमेरिकेचा. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात. म्हणूनच 1803 साली लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला कोरिडोरास, म्हणजे शिरस्त्राण आणि चिलखत या अर्थाचे ग्रीक नाव दिले. ठिपक्यांचा कोरी डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केला होता आणि 1842 साली जेनिन्सने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. 2024 साली या कुळाची फेरमांडणी होऊन पुष्कळ जातींची नावे बदलली. दुकानात मात्र जुनेच नाव चालते. इतिहासाच्या शिक्षकाला अशा गोष्टींचा मोह आवरत नाही. असो.

स्वभावाने हा मासा अत्यंत गरीब. कोणाला चावत नाही, कोणाचे शेपूट ओढत नाही. दिवसभर मिशांनी तळ चाचपीत फिरतो. मध्येच बाणासारखा वर जाऊन हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली येतो. पहिल्या दिवशी मुले ओरडली, "सर, मासा गुदमरतोय!" तसे नव्हते. तो गिळलेल्या हवेतील प्राणवायू आतड्यातून शोषून घेतो. मात्र सारखाच वर धावू लागला, तर पाणी बिघडले असे समजावे.

आता माझी चूक सांगतो. दिवाळीच्या सुटीआधी सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, वरून टाकलेलं वरचेच मासे खातात. खालच्यांना काय राहतं?" मी म्हणालो, "ते घाण खातात गं." आणि विषय संपविला. सुटीत शिपाई मामांनी मी सांगितले तसे, तरंगणारे दाणे दररोज चिमूटभर टाकले. सुटीनंतर पाहतो तो दोन कोरी मेलेले. उरलेल्या दोघांची पोटे खपाटीला गेलेली आणि मिशा झिजून खुंट राहिलेले. वरचे मासे मात्र गुबगुबीत! त्या मुलीने मला काहीच म्हटले नाही. ती पेटीसमोर नुसती उभी राहिली. ते मला अधिक लागले.

वाचकहो, कोणताही मासा विष्ठा खाऊन जगत नाही. विष्ठा आणि कुजलेले खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. गाळणीत आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. खरी सफाई ती. हे जिवाणू बसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून नव्या पेटीत एकदम मासे भरू नयेत. पुढचे काम आपले. आठवड्यातून एकदा चौथाई पाणी बदलावे. आपल्याकडे पाण्यात टीसीएल पावडर असते, म्हणून पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवूनच पेटीत ओतावे. गाळणीचा स्पंजही पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळावा. तो नळाखाली धुतला तर जिवाणूही जातात.

मिशा कशाने झिजल्या? रंगीत, धारदार खडीने, आणि तिच्या फटींत साचलेल्या घाणीने. आम्ही खडी काढून टाकली. कुकडीची बारीक वाळू पाणी निवळेपर्यंत पंधरा-वीस वेळा धुऊन अंथरली. बांधकामाची क्रश सँड घेऊ नये, तिच्या कडा बोचतात. वाळू मिळताच माशांनी त्यात तोंडे खुपसली आणि कल्ल्यांतून वाळू बाहेर सोडू लागले. खडीवर त्यांना हे करताच येत नव्हते. मग चार कोरी आणखी आणून सहा केले, कारण हा मासा टोळीने राहणारा आहे. एकटा-दुकटा असला की कोपऱ्यात दडून बसतो.

खाण्यास बुडणाऱ्या गोळ्या, त्याही शाळा सुटताना, पेटीचा दिवा बंद केल्यावर. तोपर्यंत वरच्या मंडळींची पोटे भरलेली असतात. कधी गांडूळखताच्या वाफ्यातले लहान गांडूळ धुऊन, बारीक चिरून देतो. त्यावर तर ते तुटून पडतात! मासा हलविताना जाळी वापरू नये, परांचे काटे जाळीत अडकतात. भांड्याने अलगद उचलावा. उन्हाळ्याचीही काळजी हवी. बावीस ते सव्वीस अंश पाणी त्याला मानवते आणि आपल्याकडचा एप्रिल चाळिशीला टेकतो. म्हणून पेटी सावलीत, आणि दुपारी काचेभोवती ओले फडके.

एकदा एका विद्यार्थ्याने कौतुकाने नदीतली बोटभर शिंगटी आणून पेटीत सोडली. "सर, हाही मिशीवालाच!" रोज सकाळी दोन-तीन गप्पी कमी भरू लागल्या, तेव्हा उलगडा झाला. मिशा सारख्या म्हणून स्वभाव सारखा नसतो. शिंगटी परत नदीत सोडावी असे सर्वांचे म्हणणे पडले. पण बाजारातल्या माशांबरोबर राहिलेला मासा नदीत रोग नेऊ शकतो. म्हणून ती शाळेमागच्या हौदात गेली.

त्याच सुमारास एक पालक भेटले. त्यांच्या घरचा ‘सकर’, म्हणजे काचेला तोंड चिकटवून बसणारा काळा मासा, फूटभर वाढला होता. हाही ‘घाण खातो’ म्हणूनच विकलेला. ते म्हणाले, "सर, कुकडीत सोडून देतो, जिवाला जीवदान." त्यांची भावना चांगली होती. पण कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि भीमा उजनीच्या जलाशयात जाते. उजनीत कोळ्यांच्या जाळ्यांत हा मासा सापडू लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. काटेरी, चिलखती अंगाने तो जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. थाई मांगूरने देशी माशांचे काय केले, हेही आपण जाणतो. त्याच्या पैदाशीवर 2000 साली बंदी आली, तरी तो पूर्णपणे गेलेला नाही. आमचे कोरी गरीब असले तरी ते परदेशीच. त्यांनाही ओढ्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नये. त्या पालकांनी ऐकले. नारायणगावचे दोन दुकानदार नाही म्हणाले, तेव्हा सकर पुण्याला एका मोठी पेटी असलेल्या गृहस्थांकडे पोचविला. बसमध्ये झाकणाची बादली मांडीवर धरून मीच गेलो होतो.

ती मुलगी आता दहावीत आहे. खाद्याची वही तिच्याकडे असते. कोणी, केव्हा, किती गोळ्या टाकल्या आणि कोरींपर्यंत किती पोचल्या, असे चार रकाने तिनेच आखले. गेल्या पावसाळ्यात गार पाणी बदलल्यावर दुसऱ्याच सकाळी काचेवर मोहरीएवढी अंडी चिकटलेली दिसली. मुलांनी अख्खी मधली सुटी तिथे काढली. संध्याकाळपर्यंत मोठ्या माशांनी बहुतेक अंडी खाऊन टाकली. यंदा पाऊस लागला की अंडी वेगळ्या बरणीत काढावयाची असे ठरले आहे. बरणी धुऊन व्हरांड्यात ठेवली आहे.