शर्यतीच्या घोड्याचा मोडलेला पाय

घोड्याचा पाय मोडला की त्याला गोळी घालावयाची, हा रिवाज इतका जुना आहे की, त्यामागे माणसाचे कौर्यच असावे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्यात कौर्यापेक्षा असहायता अधिक होती. माणसाचे हाड मोडले तर त्याला खाटेवर निजविता येते, पाय जमिनीला टेकू नको म्हणून बजावता येते. घोड्याला हे कोणी सांगावे? साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा तो देह फार काळ आडवा पडून राहिला, तर स्वतःच्याच भाराखाली त्याचे स्नायू व फुप्फुसे निकामी होऊ लागतात. म्हणजे ज्या दिवशी हाड जोडले, त्याच दिवशी त्या पायावर त्याने उभे राहिले पाहिजे.

त्यातून पायाची घडण अशी की, पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस असे जवळजवळ नाहीच. हाड, कंडरा आणि वर पातळ कातडे. भरधाव दौडीत सारा भार क्षणभर एकाच पायावर येतो आणि तो देहाच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट असतो. अशा वेळी हाड पुष्कळदा नुसते तडकत नाही, त्याचा चुराच होतो.

१९५८ साली स्वित्झर्लंडमधील काही शल्यविशारदांनी एकत्र येऊन माणसाची मोडलेली हाडे धातूच्या पट्ट्या व स्क्रू यांनी आवळून जुळविण्याचे शास्त्र पद्धतशीरपणे उभे केले. तीच विद्या पुढे पशुवैद्यांनी उचलली. नळीच्या हाडाला नुसती उभी चीर गेली असेल, तर आता लहानशा छिद्रांतून दोन-तीन स्क्रू बसवितात आणि असे कित्येक घोडे पुन्हा शर्यतीत धावतात. १९७१ ची इंग्लंडमधील डर्बी जिंकणारा मिल रीफ १९७२ च्या ऑगस्टमध्ये सरावात पुढच्या पायाने मोडला. पट्टी व स्क्रू घालून त्याचा पाय सांधला गेला. स्वभावाने तो शांत, म्हणून प्लास्टरमध्ये निमूट उभा राहिला आणि जगला. त्याच्या मुलाने, शर्ली हाइट्सने, १९७८ मध्ये तीच डर्बी जिंकली.

रफियन या अमेरिकन घोडीचा स्वभाव तसा नव्हता. ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्क मैदानावर तिचा पाय मोडला. रात्री शस्त्रक्रिया झाली. परंतु भूल उतरताच, शर्यत अजून चालूच आहे अशा आवेशाने ती पाय झाडू लागली आणि शल्यवैद्याचे सारे काम तिने स्वतःच उधळून लावले. पहाट होण्यापूर्वी तिला मरण द्यावे लागले.

या एका रात्रीने जे शिकविले, त्याचा उपयोग बार्बारोच्या वेळी दिसला. हा घोडा ६ मे २००६ रोजी केंटकी डर्बी साडेसहा लांबीने जिंकला होता. दोनच आठवड्यांनी, २० मे रोजी, बाल्टिमोरच्या प्रीकनेस शर्यतीत सुरुवातीलाच त्याचा उजवा मागचा पाय गेला. स्वार एडगर प्राडो याने त्याला तत्काळ आवरले व खाली उडी घेतली. खुरावरचे एक हाड वीसहून अधिक तुकड्यांत फुटले होते. दुसऱ्या दिवशी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन केंद्रात डॉ. डीन रिचर्डसन यांनी कित्येक तास खपून धातूची पट्टी व सत्तावीस स्क्रू बसविले. सांध्यांची हालचाल वाचविण्याचा मोह त्यांनी ठेवलाच नाही. दोन सांधे कायमचे जखडून त्या पायाचा खांब केला. घोडा धावणार नव्हता, परंतु चालू शकणार होता. मग बेशुद्धीतच त्याला उचलून, रबरी तराफ्याच्या चार नळ्यांत चार पाय घालून, तळ्यात तरंगत ठेवले. शुद्धीवर येताना पाय झाडले, तरी ते पाण्यातच!

हा सारा खटाटोप निव्वळ भूतदयेपोटी होता असे मात्र म्हणता येणार नाही. विजेत्या घोड्याच्या वंशाला मोल असते. दुय्यम शर्यतीतल्या घोड्यावर एवढा खर्च सहसा कोणी करीत नाही. तथापि न्यू बोल्टनच्या फाटकाशी फुले, गाजरे व पत्रे यांची जी रीघ लागली, ती पाठविणाऱ्यांचा त्या वंशात कसलाच वाटा नव्हता.

जुलैत संकट आले ते मोडलेल्या पायात नव्हे, धडधाकट पायात. आजारी पायाचा भार जोडीच्या पायावर पडत राहिला, की खुराचे कवच व आतले हाड यांना बांधून ठेवणारे कोमल ऊतक सुजते आणि सुटू लागते. बार्बारोच्या डाव्या खुराचे सुमारे ऐंशी टक्के कवच कापून काढावे लागले. खूर वाढावयास महिने लागतात. तेवढे महिने त्याने काढले. नोव्हेंबरमध्ये उजव्या पायाचे प्लास्टरही उतरले. परंतु जानेवारीत डावा खूर पुन्हा बिघडला आणि नंतर पुढच्या दोन्ही पायांतही तोच विकार उतरला. उभे राहावयास एकही सुखाचा पाय उरला नाही, तेव्हा २९ जानेवारी २००७ रोजी त्याला चिरनिद्रा देण्यात आली. मोडलेल्या उजव्या पायाची हाडे त्या वेळी जुळून आलेली होती.