नकाशातली कुर्डुवाडी

माझं बालपण कुर्डुवाडी जंक्शनला गेलं. एका बाजूला मुंबई-सोलापूरकडचे रुंद रूळ, दुसऱ्या बाजूला बार्शी लाइटची अडीच फुटांची छोटी गाडी. पाहुणे मोठ्या गाडीतून उतरायचे, ट्रंका डोक्यावर घेऊन धावायचे आणि छोट्या गाडीत कोंबून घ्यायचे. दोन रुळांमधलं अंतर जुळत नाही म्हणजे काय, हे आम्हा पोरांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 1897 साली बार्शीपासून सुरू झालेली ही लाइन पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. आता ती सगळी ब्रॉडगेज आहे.

आज बोलायचंय ते नकाशाबद्दल. पण माझ्या मनात तो नकाशा या फलाटावरूनच सुरू होतो.

2004 साली इंग्लंडमध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला. लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा. कुणाच्या छापील नकाशावरून नक्कल करायची नाही. स्वतः फिरून किंवा परवानगी असलेल्या उपग्रहचित्रांवरून रेघा काढायच्या, आणि ती माहिती सगळ्यांसाठी मोकळी ठेवायची. याच माहितीतून रेल्वेपुरतं वेगळं काढून दाखवणारा ओपनरेल्वेमॅप 2011 च्या सुमारास जर्मनीत उभा राहिला. साध्या नकाशात रेल्वे म्हणजे एक काळी रेघ. इथे त्या रेघेला पोट असतं. रूळ किती रुंद, विजेवर गाडी चालते का, किती व्होल्टवर, वेगाची मर्यादा किती, सिग्नल कुठे. आपल्याकडचं 1676 मिलिमीटर, युरोपातलं 1435, माथेरानचं 610, हे सारं वेगवेगळ्या रंगांत.

पण हा नकाशा बरीच वर्षं चित्रांचा होता. म्हणजे कसं, तर दूरच्या सर्व्हरवर छोट्या चौकोनी चित्रांच्या फरश्या तयार होत. प्रत्येक फरशी 256 ठिपके लांब, तेवढीच रुंद. आपण नकाशा सरकवला की त्या फरश्या एकमेकींना चिकटवून पडद्यावर मांडल्या जात. जगाचं सर्वांत लहान चित्र एका फरशीत मावतं. एक पायरी जवळ गेलात की चार, मग सोळा. दहाव्या पायरीला साडेदहा लाखांच्या आसपास आणि अठराव्या पायरीला 6,800 कोटींहून जास्त! सगळ्या कोणी काढत नाही, अर्धंअधिक जग समुद्रच आहे. तरी एका पुलाची नोंद बदलली की त्याच्यावरच्या साऱ्या पायऱ्यांची चित्रं पुन्हा काढायची. शिवाय वेगाचा नकाशा वेगळा, विजेचा वेगळा, रुंदीचा वेगळा; प्रत्येकाच्या फरश्या निराळ्या. स्वयंसेवकांच्या पैशावर चालणाऱ्या यंत्रांना हे झेपेना यात नवल नाही. आणि एवढं करून हाती येतं ते चित्रच. त्याच्यावर बोट ठेवून "ही लाइन कितीची?" असं विचारायची सोय त्या चित्रात नाही.

मग हा नकाशा नव्या पद्धतीनं पुन्हा बांधायला घेतला गेला. ही पद्धत आपल्या बायकांना चांगली ठाऊक आहे. शेजारणीला रांगोळीचा फोटो पाठवता येतो, किंवा नुसतं सांगता येतं: इतके ठिपके घाल, हा त्याला जोड, ही पाकळी लाल. दुसऱ्या प्रकारात रांगोळी शेजारणीच्या अंगणात तिच्या हातून उमटते. ती मोठी काढेल, रंग बदलेल, तिची मर्जी. व्हेक्टर फरशी म्हणजे हेच. सर्व्हर फक्त ठिपके आणि त्यांचे गुण पाठवतो. चित्र आपल्या संगणकातली चिप काढते. म्हणून कितीही जवळ गेलं तरी रेघ फुटत नाही, नकाशा फिरवता येतो, आणि रुळावर टिचकी मारली की त्याची माहिती समोर येते.

चित्र काढणारी जी यंत्रणा त्यासाठी वापरली जाते, तिचीही एक गोष्ट आहे. मॅपबॉक्स या अमेरिकी कंपनीची ही यंत्रणा आधी मोकळ्या परवान्याखाली होती. डिसेंबर 2020 मध्ये कंपनीनं नव्या आवृत्तीचा परवाना बदलला. तेव्हा लोकांनी जुनी मोकळी आवृत्ती उचलली, तिला मॅपलिब्रे नाव दिलं आणि पुढे चालवली. मोकळा परवाना म्हणजे फुकटेपणा असं समजणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

आता आमच्या दुखण्याकडे येतो. या तंत्रात नकाशावरची नावं कोणत्या भाषेत दिसावीत हेही बदलता येतं. मी माझ्या संगणकावर प्रयोग म्हणून मराठी नावं लावली. मोठ्या हौशीनं बघतो, तर मिरजेचं झालेलं "मरिज"! कुर्डुवाडीचा रफार डोक्यावरून खाली उतरून पाय मोडल्यासारखा बसलेला. कारण साधं आहे. संगणक ऱ्हस्व इकार अक्षराच्या नंतर साठवतो, पण लिहिताना तो आधी काढायचा असतो. चित्रांच्या काळात ही जुळवाजुळव सर्व्हर करत असे. नव्या यंत्रणेत एकेक अक्षर सुटं येऊन रांगेत उभं राहतं. रोमन लिपीला याची झळ लागत नाही, त्यामुळे बनवणाऱ्यांना बरीच वर्षं ती टोचलीच नाही. पुढे काहींनी जोडाक्षरं आधीच घडवून ठेवण्याची युक्ती काढली, मूळ यंत्रणेतही दुरुस्त्या सुरू झाल्या. त्या कामात देवनागरी वाचणारा माणूस लागतो. नुसतं "बरोबर दिसतंय का?" एवढं सांगायलाही.

दुसरा वाद अधिक अवघड आहे. लातूरच्या जुन्या लाइनवर उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, नव्हतं. ब्रॉडगेज करताना रूळ वळवून त्या शहराकडे नेले, आणि येडशी ते ढोकी हा जुना सरळ रस्ता सुटला. तो नकाशात ठेवायचा का? ओपनस्ट्रीटमॅपचा नियम सांगतो, जमिनीवर जे दिसतं तेच नोंदवा. रेल्वेवेडे म्हणतात, भराव दिसतो, मोरी दिसते, मग रेघ का पुसता? मी या दुसऱ्या गटातला. मात्र जिथे नांगर फिरला तिथली रेघ पुसावी, हेही मला पटतं.

तेव्हा त्या भागातल्या श्रोत्यांना एक विनंती. येडशी-ढोकीच्या मधे शेताच्या कडेला एखादी दगडी मोरी, एखादा पुलाचा खांब अजून उभा असेल, तर जाऊन बघा, जागा टिपून घ्या आणि नकाशात मांडा. गावाचं नाव मराठीतही लिहा. इकार नीट बसला का, तेवढं मी बघतो.