‘आपा आहे ना’ एवढ्यावर भागत नाही

(तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण)



विशेष मुलाच्या भविष्याचा विषय निघाला की सगळे आई-वडिलांकडे बघतात. पण ज्या भविष्याची काळजी असते, त्यात आई-वडील नसतात. तिथे आपण असतो, म्हणजे भाऊ, बहिणी, चुलत भावंडं. म्हणून आज मी बहीण म्हणून बोलणार आहे.

माझी धाकटी बहीण २९ वर्षांची आहे. घरात तिला मुन्नी म्हणतात. तिला डाउन सिंड्रोम आहे. चहा ती स्वतः करते, मोहल्ल्यातल्या सगळ्यांची नावं तिला पाठ आहेत, पण शंभराची नोट आणि पाचशेची नोट यातला फरक तिला कळत नाही. लहानपणापासून पाहुणे विचारायचे, “पुढे हिचं कसं होणार?” अब्बा हसून म्हणायचे, “आपा आहे ना!” आपा म्हणजे मी. मला मात्र कुणी कधी विचारलं नाही.

सहा वर्षांपूर्वी अब्बा गेले. मागे अम्मी, आम्ही दोघी आणि अब्बांच्या नावावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. आम्हाला वाटलं, घर आता आमचंच. वकिलांनी कागदावर हिशोब मांडला. आपल्या सुन्नी हनफी वारसा नियमांप्रमाणे घराचे २४ भाग धरले, तर अम्मीला ३, आम्हा दोघींना प्रत्येकी ८. हे झाले १९. उरलेले ५ चाचांचे, कारण आम्हाला भाऊ नाही आणि दादा-दादी आधीच वारले होते. मुन्नी एकटीच मुलगी असती तर तिला निम्मं, अम्मीला आठवा हिस्सा आणि बाकीचे तीन अष्टमांश चाचांना गेले असते.

चाचा भला माणूस. म्हणाले, “मला काही नको.” पण हक्कसोड पत्रावर त्यांची सही व्हायला आठ महिने लागले. आज मुंबईत नोकरीवर, उद्या तब्येत ठीक नाही. त्या आठ महिन्यांत त्यांना काही झालं असतं, तर तो हिस्सा त्यांच्या चार मुलांकडे गेला असता. माझ्या बहिणीच्या डोक्यावरचं छप्पर एका माणसाच्या चांगुलपणावर उभं होतं. चाचांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ही की अब्बांनी हे हयातीत कागदावर आणलं नाही.

मग अब्बांना काय करता आलं असतं? फक्त मृत्युपत्र करून भागलं नसतं. आपल्या व्यक्तिगत कायद्यात मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त वसीयत करता येत नाही, आणि वारसाच्या नावे केली तर इतर वारसांची संमती लागते. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे काम झालं, असंही समजू नका. नॉमिनी हा मालक नसतो.

एक मार्ग हिबाचा. हयातीत बक्षीस द्यायचं, स्वीकारलं जायला हवं आणि ताबाही द्यायला हवा. ‘माझ्यानंतर तुझं’ असं म्हटलं तर तो हिबा होत नाही. दुसरा मार्ग, भरवशाचे विश्वस्त नेमून मुलासाठी खासगी ट्रस्ट करायचा. तिसरा मार्ग विशेष विवाह कायद्याचा. केरळमधल्या कासरगोड जिल्ह्यातले वकील सी. शुक्कूर आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी ८ मार्च २०२३ रोजी या कायद्याखाली पुन्हा एकमेकांशीच लग्न केलं, ते आपल्या तीन मुलींच्या वारसाहक्कासाठी. तसं केलं की भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि पूर्ण मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं. पण चुलत, मामे किंवा मावस भावंडांत लग्न झालं असेल, तर हा रस्ता अवघड आहे. आपल्या घराला कोणता मार्ग बसतो, हे वकिलाला विचारूनच ठरवा.

दुसरी गोष्ट पालकत्वाची. मूल १८ वर्षांचं झालं की ते कायद्याने सज्ञान होतं, मग त्याला सही करता येवो वा न येवो. बँकेने मुन्नीचं खातं उघडताना विचारलं, “हिच्या वतीने सही कोण करणार?” अम्मी म्हणाली, “मी आई आहे.” तेवढं पुरेसं नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी हा कायदा आहे. धर्म कोणताही असो, तो सर्वांना लागू आहे, आणि आईलाही पालक होता येतं. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो. त्याने हेळसांड केली, तर त्याला काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो. याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. आणि यूडीआयडी कार्ड अजून काढलं नसेल, तर सुरुवात तिथून करा.

तिसरी गोष्ट कुठल्याच कचेरीत मिळत नाही. अब्बा गेल्यावर मी एक वही केली. मुन्नीला मिक्सरच्या आवाजाची भीती वाटते. थायरॉइडची गोळी ती केळ्यासोबतच घेते. राग आला की तिला दहा मिनिटं एकटं सोडायचं. दुकानदारांपैकी कुणावर भरवसा ठेवायचा, कुणावर नाही. उद्या मी नसले, तर ही वही हातात घेऊन दुसरं कुणीतरी तिला सांभाळू शकेल. दरवर्षी रमजानच्या आधी मी ती पुन्हा लिहून काढते. जकातीचा हिशोब आपण करतोच, त्याच बैठकीत हाही होऊन जातो.

माझा निकाह ठरला तेव्हा मी होणाऱ्या नवऱ्याला समोर बसवून विचारलं, “अम्मीनंतर मुन्नी आपल्या घरी राहील. चालेल?” ते दोन दिवस विचार करून हो म्हणाले. ते दोन दिवस त्यांनी घेतले, म्हणूनच मला त्या होकाराचा भरवसा वाटला. तीच शर्त आम्ही निकाहनाम्यात लिहून घेतली. काझीसाहेब आधी चमकले, मग म्हणाले, “लिखवा लो बेटी, अच्छी बात है.”

म्हणून इथल्या पालकांना सांगते, ‘आपा आहे ना’ म्हणण्याआधी आपाला विचारा. तिला नाही म्हणण्याचाही हक्क आहे. आणि मुन्नीलाही विचारा. आम्ही तिला विचारलं, “तुला कुठे राहायचंय?” ती म्हणाली, “जिथे माझा कप असेल तिथे.”

तिचा कप आता माझ्या घरी आहे. एक अम्मीकडेही ठेवलाय.