डोळ्यांची शुश्रूषा

इंदूरहून महूच्या रस्त्याने निघाले म्हणजे वाटेत राऊ लागते. मळणीच्या दिवसांत अशा गावी एखाद्या शेतकऱ्याच्या डोळ्यात कुसळ जाते. घरची माणसे मध घालतात, नाहीतर शेजाऱ्याकडचे थेंब. त्या थेंबांत स्टिरॉइड असले, तर बुबुळावरील जखमेत बुरशी फोफावते आणि दृष्टीच धोक्यात येते. ‘थांबा, काही घालू नका, आधी डॉक्टरांना दाखवा’, असे त्या क्षणी सांगणारी परिचारिका एक डोळा वाचविते.

परिचर्येच्या शिक्षणात नेत्रविकारांचा अभ्यास प्रौढांच्या इतर व्याधींसमवेत येतो, हे यथार्थच होय. डोळा शरीरापासून वेगळा नाही. मधुमेहात दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात. पण प्रारंभी दुखत नाही की अंधूकही दिसत नाही. म्हणून मधुमेह्याने दरवर्षी डोळे तपासून घ्यावयास हवेत. उलट, काचबिंदूवरील टिमोलॉलचे थेंब अश्रुमार्गाने रक्तात उतरतात व दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकतात. यासाठी जाणती परिचारिका दम्याची चौकशी आधी करते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा दोन मिनिटे हलकेच दाबावयास शिकविते.

‘मोतीबिंदू पिकू द्यावा’ हा समज अद्याप गेलेला नाही. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिका-शाळा १८६० साली सुरू झाली. त्याच रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी हॅरोल्ड रिडले यांनी पहिले कृत्रिम भिंग डोळ्यात बसविले. आज मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. भारताने १९७६ साली अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हापासून ही शस्त्रक्रिया खेडोपाडी पोहोचली.

परंतु शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते, शुश्रूषा काही आठवड्यांची. हात धुऊन थेंब घालणे, बाटलीचे टोक डोळ्याला लागू न देणे, डोळा न चोळणे, हे घरच्यांना समजावून द्यावे लागते. वेदना, लाली वाढली किंवा दृष्टी मंदावली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मोतीबिंदूने झाकलेली दृष्टी बहुधा परत मिळते. काचबिंदूने हिरावलेली कधीच नाही. बाहेरून दोहोंतील भेद घरच्यांना कळत नाही. ‘वयच झाले’ म्हणून घरी बसलेल्या वृद्धाला वेळीच तपासणीस पाठविणे, हीच खरी नेत्रसेवा.